शुभेस, फोंड्याहून

प्रिय शुभे,

चवथीच्या आधी लिहीन म्हणत होते, गणपतीवरची फळापानांची माटोळी उतरली तरी पत्र नाही. रागावली असशील तर राहू दे तो राग भेटीसाठी. आज वर्गात जे झालं ते घरात कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून डबा तसाच ठेवून लिहायला बसलेय.

यंदा तिसऱ्या वर्षाला घन पदार्थांच्या पृष्ठभागाचं विश्लेषण माझ्याकडे आलंय. एक्सपीएस, ऑजे, सिम्स, पृष्ठभाग तपासायच्या सगळ्या पद्धती. यंत्र एकही नाही. एक्सपीएसमध्ये क्ष-किरण मारून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजतात; मी लोखंडी पट्टीचा तसा आलेख छापून वाटला आणि म्हटलं, काय दिसतं ते बोला. डिचोलीची एक मुलगी आहे, वडील खनिजाच्या बार्जवर होते, २०१२ला खाणी बंद झाल्या तेव्हापासून घरी. गंज म्हणजे काय ते तिला मी सांगायची गरज नाही. ती म्हणाली, पट्टी लोखंडाची, मग कार्बन-ऑक्सिजनच एवढे उंच कसे? मी समजावलं, की क्ष-किरण खोलवर जातात, पण आतून निघालेला इलेक्ट्रॉन वाटेत आदळून ऊर्जा गमावतो. ऊर्जा शाबूत ठेवून बाहेर पडतात ते फार तर वरच्या दहा नॅनोमीटरमधले. तिथे गंज आहे आणि हवेतून येऊन बसलेला कार्बन. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, “मागीर आमी खरेंच कितें पळयतात मॅडम, लोखंड काय ताचेवयलो म्हेळ?” म्हणजे आपण पाहतो ते लोखंड की त्यावरचा मळ?

शुभे, ताळगावच्या पठारावर, विद्यापीठात, हा प्रश्न पडायला आपल्याला एम.एस्सी.चं दुसरं वर्ष उजाडलं होतं!

मग मी धडा बाजूला ठेवला. एक काचपट्टी बर्नरच्या निळ्या ज्योतीवरून फिरवली, गार होऊ दिली. दुसरी कपाटावर आठवडाभर उघडी पडलेली. दोन्हींवर सिरिंजने पाण्याचा एकेक थेंब. पहिलीवर थेंब सपाट पसरला, दुसरीवर फुगून बसला. पोरांनी मोबाईल टेबलाला टेकवून बाजूने फोटो काढले, कोनमापक लावून कोन मोजले. दोन्ही काचा डोळ्यांना सारख्याच स्वच्छ. हवेतल्या तेलकट वाफांचा थर दिसत नाही, थेंबाला मात्र कळतो. त्यानंतर निर्वात पोकळीचा आकडा सांगितला, तो एकदम उतरला : १०⁻⁶ टॉर इतक्या कमी दाबालाही, आदळलेला प्रत्येक रेणू चिकटला तर, सेकंदाभरात पूर्ण थर बसतो. म्हणून १०⁻⁹ पर्यंत जायचं. एरवी हे वाक्य पोरं नुसती उतरवून घेतात.

इथपर्यंत आनंदच. काळजी पुढची. एका मुलाने लॅपटॉपवर टायटॅनियम डायऑक्साइडची एक्सपीएस फाइल उघडली. टायटॅनियमच्या २पी इलेक्ट्रॉनांच्या दोन शिखरांची जोडी, क्षेत्रफळं २:१, अंतर साधारण ५.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, हे फळ्यावर होतंच. त्याने पाच शिखरं टाकली, एकालाही बंधन घातलं नाही, आणि बेरजेची लाल रेघ मोजलेल्या ठिपक्यांवर तंतोतंत बसली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, जोडीतला धाकटा थोरल्याहून मोठा कसा झाला रे? त्याचं उत्तर, “पण मॅडम, फिट किती छान आलंय!” सॉफ्टवेअर कधी नाही म्हणत नाही गं. जितकी शिखरं द्याल तितकी घेतं. हा मुलगा हुशार आहे, उद्या कुठल्यातरी लॅबमध्ये जाईल, तिथेही रेघ अशीच बसेल आणि सगळे खूश होतील. त्याला नाही म्हणायला कोणी शिकवायचं? मला वाटतं पदवीलाच, कारण नंतर सवय मोडत नाही.

आणि परीक्षेत काय विचारणार? ‘नामनिर्देशित आकृती काढून तत्त्व स्पष्ट करा.’ डिचोलीची ती पोर आकृतीत कच्ची आहे. प्रश्न विचारल्याचे गुण नाहीत. मी अंतर्गत परीक्षेत एक चुकीचं फिट छापून ‘यात काय पटत नाही?’ विचारायचं ठरवलंय. विभागात कुरकुर सुरू झाली, अभ्यासक्रमाबाहेरचं म्हणे. अभ्यासक्रमात विश्लेषण लिहिलंय ना? मग हे विश्लेषण नाही तर काय! मी हटणार नाही.

तू आता म्हणशील, आधी कार्बनचं शिखर खूण म्हणून २८४.८ इलेक्ट्रॉन व्होल्टवर आण आणि मग बोल. नाही आणणार. नमुना विद्युतरोधी असला की भार साचून सगळी शिखरं सरकतात, काहीतरी खूण लागते, मान्य. पण प्रत्येक नमुन्यावर बसलेला कार्बन एकाच जातीचा असतो हे तू कशावरून धरतेस? कॅन्टीनमध्ये यावरून तू माझी भजी संपवली होतीस, उत्तर अजून दिलेलं नाहीस.

माझा बीपी गोळीवर ठीक. काकू गुडघ्यानंतर जिना चढतात का? लेकीला हॉस्टेल मिळालं की नाही? भावजींचं बदलीचं काय? तुला बढती मिळाल्याचं मला तिसऱ्याकडून कळलं, तरी मनापासून आनंद झाला.

काम एकच. तुमच्या यंत्रावरच्या कच्च्या फाइली पाठव. सुबक नकोत. चार्ज होऊन सरकलेल्या, हातमोजे न घालता हाताळलेल्या नमुन्यांच्या, तुम्ही टाकून दिलेल्या, अशा. प्रत्येकीबरोबर नमुना कसा ठेवला, किती वेळ मोजला, हे दोन ओळींत लिही. आणि नोव्हेंबरात अर्धा तास पोरांशी फोनवर बोल. मराठीत बोललीस तरी चालेल, त्यांना कळतं, उत्तरं कोंकणीत येतील.

तुझी,
नली