शेंगांच्या टरफलांपलीकडचे टिळक : शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना

स.न.वि.वि.

साहेब, मी शाळेत इतिहास शिकवतो म्हणून हे लिहितोय. १ ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठ्यांची जयंती, दोन फोटो, दोन हार, मग भाषणं. पाचवीतलं पोरगं उभं राहो नाहीतर दहावीतलं, टिळकांवरचं भाषण तेच. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही, मग 'स्वराज्य हा माझा', टाळ्या, बस खाली. दहावीपर्यंत पोरांना माहीत असलेले टिळक एवढेच.

आधीच सांगून ठेवतो, नाहीतर लगेच टिळकद्वेष्टा म्हणून शिक्का मारतील. टिळक मोठेच होते. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस. असलं प्रेम काही उगाच मिळत नाही.

पण हेच टिळक १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या विरोधात उभे होते. कायदा तरी काय, तर मुलीचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देता येईल असं वय, दहावरून बारा, बस्स, दोन वर्षं वाढवली. त्याच्या थोडं आधी बंगालमधे फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची पोर नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली होती. टिळकांचं म्हणणं काय, तर परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये, सुधारकांना एवढी हौस असेल तर मुलीचं लग्न सोळाच्या आत करणार नाही असं आधी स्वतः लिहून द्यावं आणि नियम स्वतःला लावून घ्यावेत. मुद्दा अगदीच फालतू नाहीये हो, बोलणारे सुधारक तेव्हाही होते आणि आत्ताही आहेत. पण आगरकरांचं म्हणणं होतं की कायदा हवाच. हेच ते आगरकर, ज्यांच्याबरोबर १८८२ ला कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळकांनी मुंबईतला डोंगरीचा तुरुंग भोगला, आणि त्या खटल्यात जामिनाला धावून आले ते जोतीराव फुल्यांच्या ओळखीतले रामशेठ उरवणे. हे सगळे एकाच गोष्टीत येतात ना साहेब, मग आपण भिंतीवर यांचे फोटो लांब लांब का लावतो?

वेदोक्त प्रकरणात, म्हणजे शाहू महाराजांचे विधी वेदमंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिला तेव्हा, महाराजांच्या विरोधात टिळकांचा केसरी कसा लिहीत होता ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. १९१७ ला अथणीच्या सभेत तेली, तांबोळी, कुणब्यांनी कौन्सिलात, म्हणजे कायदेमंडळात, जाऊन काय करायचं या अर्थाचं जे बोलले तेही सोडून देतो. मला सलते ती १९१८ ची गोष्ट. मुंबईत अस्पृश्यता निवारणाची परिषद होती, तिथे टिळक म्हणाले की देव जर अस्पृश्यता मानत असेल तर मी त्याला देवच मानणार नाही. केवढं मोठं बोलले! आणि मग स्वतःच्या रोजच्या वागण्यात अस्पृश्यता पाळणार नाही अशा कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा सही केलीच नाही. सुधारकांना आधी स्वतः लिहून द्या म्हणणारा माणूस हाच.

हे वर्गात सांगितलं तर पोरं बिघडतील अशी भीती काहींना वाटते. टिळकांच्या घरातच बघा ना. धाकटे चिरंजीव श्रीधरपंत, त्यांनी १९२८ ला टिळकांच्याच पुण्यातल्या गायकवाडवाड्यात समता संघाची शाखा काढली, सहभोजन घातलं, आंबेडकर तिथे आले. काही आठवड्यांतच श्रीधरपंतांनी आत्महत्या केली, जाण्याआधी आंबेडकरांना पत्र लिहून. बापाच्या माघारी त्याच्या अनुयायांशी एवढं मोठं भांडण मुलानं घातलं, आणि आपल्या पोरांना श्रीधरपंत हे नावसुद्धा माहीत नाही.

तर मागणी साधी आहे. पुतळे हलवू नका, कुणाचा फोटो काढू नका. १ ऑगस्टचं परिपत्रक निघतं त्यात एवढंच घाला की आठवीच्या पुढच्या वर्गांत भाषणाऐवजी संमतिवयाच्या कायद्यावर टिळक विरुद्ध आगरकर असा वाद घ्यावा, दोन्ही बाजूंचे मूळ लेख बालभारतीनं चार पानांत छापून द्यावेत, आणि लहानपणी लावलेलं लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंचा खटला त्यातच घ्यावा, म्हणजे पोरींनाही बोलायला काहीतरी असेल. परिपत्रक जुलैच्या ३० तारखेला रात्री व्हॉट्सॲपवर नको, जूनमधे पाठवा, म्हणजे तयारीला वेळ मिळेल.

कळावे,
एक इतिहासाचा मास्तर