आवाहन : पोटुशी बायांची मशेरी सुटावी म्हणून

समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि मुंबईकर मंडळींस सप्रेम नमस्कार.

आपल्या पाटण खोऱ्यात सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा ठसका कुठल्या घरात नाही? दिवस गेले की, मशेरीने मळमळ थांबते असं वाटून, बाई दोनदाची चारदा मशेरी लावते. मुंबईतल्या 1,217 गरोदर बायांचा अभ्यास 2004 साली छापून आला. त्यात मशेरी-तंबाखूवाल्या आयांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली आणि मुदतीआधीची बाळंतपणंही जास्त निघाली. मशेरी सोडताना डोकं धरतं, परसाकडे साफ होत नाही, चिडचिड होते. पहिले आठ-पंधरा दिवस सोबत लागते, ती आपलं महिला मंडळ देतं.

बाईला दटावलं की ती सोडत नाही, लपवते, आणि मग तपासणीलाही फिरकत नाही. म्हणून ‘रागावायचं नाही’ हा नियम आपल्या सुईणआजींनी पहिल्याच बैठकीत घातला. उभा जन्म मशेरी लावून म्हातारपणी सोडलेली बाई ती, तिचं कोण ऐकणार नाही? वाशी मार्केटातल्या आपल्या माथाडी बंधूंनी हमालीच्या पैशांतून वजनकाटा दिला, तो आजही बिनचूक चालतो. दुकानवाल्या काकूंनी शेंगदाणे-गुळाचा एक पैसा कधी घेतला नाही. गुरुजी पेन्शन झाली की न सांगता पाकीट आणून ठेवतात. सामुदायिक डोहाळजेवणाच्या साड्या माहेरवाशिणींच्या. या सर्वांचे उपकार फिटायचे नाहीत.

गेल्या वर्षीच्या आवाहनाला ग्रुपवर अंगठे पुष्कळ आले, पावत्या मात्र मोजक्याच फाटल्या. जत्रेची वर्गणी त्याच आठवड्यात जमली होती. देवाचं काम आम्हालाही प्यारं आहे, पण बोलल्यावाचून राहवत नाही.

यंदा वरच्या वाड्यांतल्या बायाही येताहेत. मृग लागला की तिकडे जीप जात नाही, म्हणून घाई.

एकीमागे अंदाजे 1,500 रु. : दर 9 तारखेच्या सरकारी तपासणीचं जीपभाडं, सोनोग्राफीला कराडला जाणं-येणं, लाडू, भाजलेली बडीशेप-ओवा, ब्रश-पेस्ट. धान्य, गूळही चालेल. जीपवाल्यांनी एक फेरी दिली तरी पुष्कळ. रक्कम खजिनदारबाईंकडेच द्यावी, पावती मागून घ्यावी. मुंबईकरांनी खातेनंबर त्यांच्याकडूनच घ्यावा. वस्तू समाजमंदिरात, दुपारी 3 नंतर. बायांची नावं विचारू नयेत, सांगितली जाणार नाहीत. घरात कुणाला तंबाखू सोडायची असेल तर सरकारी मोफत फोन : 1800-11-2356.

आपली,
सचिव, महिला मंडळ