सीबॅमचा पैसा कोणाच्या तिजोरीत? वाणिज्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री यांस,
स. न. वि. वि.

युरोपीय संघाची ‘सीबॅम’ ही कार्बन आकारणी १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाली असून, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट आणि खते तयार होताना हवेत गेलेल्या कार्बनची किंमत तेथील आयातदाराला मोजावी लागणार आहे. तो ती आम्हा भारतीय उत्पादकांकडून दर पाडून वसूल करणार, हे सांगायला नको. १९९२ साली रिओच्या वसुंधरा परिषदेत मान्य झालेल्या ‘सामाईक, परंतु भिन्न जबाबदारी’च्या, म्हणजे हवामानबदलाचा अधिक भार श्रीमंत देशांनी उचलावा या तत्त्वाला ही आकारणी हरताळ फासते, हा सरकारचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

मात्र याच नियमात एक वाट मोकळी आहे. उत्पादक देशात कार्बनची जी किंमत खरोखर भरली गेली असेल, ती आकारणीतून वजा होते. आपण २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसवला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर नेला. पुढच्याच वर्षी जीएसटी आला, उपकराचे नाव बदलले आणि पैसा राज्यांची महसुली तूट भरण्याकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकरही गेला. कोळशावरील जीएसटी मात्र ५ वरून १८ टक्के झाला. म्हणजे कर आजही आहेच, पण तो कार्बनसाठी आहे असे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसल्याने ब्रुसेल्समध्ये, म्हणजे युरोपीय संघाच्या दरबारी, तो दाखवायचा कसा?

२०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेतही हाच धोका आहे. तीत उत्सर्जनाचे उद्दिष्ट न गाठणाऱ्या कारखान्याला क्रेडिट विकत घ्यावे लागते. तिची उद्दिष्टे इतकी सैल ठेवली की कोणाला काही भरावेच लागू नये, तर वजावटही शून्यच राहील, आणि जी रक्कम इथल्या भट्ट्या सुधारायला वापरता आली असती ती युरोपच्या तिजोरीत जाईल.

मी लहान प्रमाणावर बोल्ट बनवतो. त्यांतला बहुतेक कार्बन माझ्या कारखान्यात नव्हे, तर वायर रॉडचे (ज्या सळईपासून बोल्ट बनतात तिचे) पोलाद जिथे वितळते तिथे निर्माण होतो. तो आकडा मागितला की पुरवठादार उत्तर देत नाही, आणि खरा आकडा नसेल तर युरोप स्वतःचा चढा ठोकताळा लावतो.

म्हणून विनंती अशी की, पोलाद कारखान्यांनी प्रत्येक बिलासोबत उत्सर्जनाचा पडताळलेला आकडा देणे बंधनकारक करावे, आणि कोळशावरील कराचा एक हिस्सा कार्बनच्या नावाने वेगळा काढून त्याचा जमाखर्च दरवर्षी संसदेत मांडावा.

आपला नम्र,
एक लघुउद्योजक, पुणे