जांबियानीला दोनदा जायचं

दार-एस-सलाम,
श्रावण शुद्ध दशमी

प्रिय विन्या,

तुझा निरोप परवा रात्री मिळाला. दिवाळी उरकली की काकू, वहिनी आणि चिमीला घेऊन तू इकडे येणार, हे मेधाला वाचून दाखवलं तर तिने तिथल्या तिथे पाहुण्यांच्या खोलीचे पडदे धुवायला काढले. किती वर्षं म्हणतोयस, आता ये बाबा.

तू पाठवलेले सातही फोटो बघितले. "यातले कुठले तीन किनारे करू?" असं विचारलंयस. फोटोत खोटं काही नाही. झांझिबारचं पाणी तसंच निळं आहे आणि पुळण तशीच पिठासारखी पांढरी. पण फोटो कुठल्या तिथीला आणि किती वाजता काढला ते फोटोवरून कळत नाही, आणि या समुद्रात सगळा हिशोब त्याचाच आहे.

चार वर्षांपूर्वी आम्हीही फोटो बघूनच पाजे ठरवलं होतं. पाजे बेटाच्या पूर्व अंगाला आहे. सकाळी नाश्ता करून बाहेर आलो तर समोर समुद्रच नव्हता. ओली वाळू, मधे मधे हिरवट शेवाळ, घोट्याएवढ्या पाण्याच्या थारोळ्या आणि पार लांब, किलोमीटरभर तरी, लाटा फुटतात ती पांढरी रेघ. तिथे प्रवाळाची भिंत आहे, सगळ्या पूर्व किनाऱ्याला ती आडवी पसरलेली आहे. आर्य तेव्हा सहा वर्षांचा. "बाबा, त्या रेघेपर्यंत जाऊ या" म्हणाला आणि आम्ही निघालो. तारामासे बघत, खेकड्यांमागे धावत तासभर गेला. परतायला वळलो तर आम्ही आलो ती वाट पाण्याखाली गेली होती. समोरून काहीच आलेलं नव्हतं. किनाऱ्यालगतचा भाग खोलगट आहे, पाणी आडव्या अंगाने आत येऊन आधी तो भरतं. गुडघा, मग मांडी, मग माझ्या कमरेला लागलं. आर्यला खांद्यावर घेतलं. मेधाचा हात मी इतका घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत तिच्या मनगटावर बोटं उमटलेली होती.

तेवढ्यात मागून एक बाई आली. डोक्यावर ओल्या शेवाळाचं मोठं गाठोडं, अंगावर भिजलेला कांगा, इथल्या बायका गुंडाळतात ते रंगीत कापड. आम्हाला बघून तिने हात केला, "माजी यानाजा!" पाणी भरतंय. आणि ती पुढे झाली. सरळ किनाऱ्याकडे न जाता तिने आम्हाला उजवीकडे, बऱ्याच लांबून नेलं. पाण्याखाली वाळूचा एक दांडा होता, तिच्या पायांना तो ठाऊक होता. पोटरीभर पाण्यातून आम्ही बाहेर आलो. गाठोडं खाली टाकून ती एवढंच म्हणाली, "लेओ बाम्वुआ." बाम्वुआ म्हणजे उधाण. त्या रात्री चंद्र वर आला, पूर्ण गोल, आणि मला तुझे बाबा आठवले. ओट्यावर बसून बोटांच्या पेरांवर तिथी मोजायचे आणि घड्याळाकडे न बघता होडी कधी लोटायची ते सांगायचे. मी तुमच्या अंगणात वाढलो, आणि पौर्णिमेच्या दिवशी बायकोमुलाला घेऊन सुकतीला आत चालत गेलो. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

म्हणून तुला सांगतो, तुझ्या बाबांचं गणित इथे चालतं. फक्त चार तास मिळवायचे. आपल्याकडे तिथीला पाऊण पट केली की भरतीची वेळ येते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. इथे त्यात चार घाल. चतुर्थीला भरती सातला, अष्टमीला दहाला. अमावास्या-पौर्णिमेला साधारण चारला भरती, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण गेली चार वर्षं मी भरतीच्या तक्त्याशी ताडून बघतोय, गणित जमतं. उधाणाला इथे पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं, आपल्या रत्नागिरीपेक्षा बरंच जास्त. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी सगळ्यात कमी चढतं-उतरतं तेव्हा, मात्र समुद्र शांत असतो. त्याला स्वाहिलीत "माजी माफु" म्हणतात, मेलेलं पाणी.

एक सावधगिरी. पाण्याची वेळ गावात विचारलीस आणि कुणी "सा न्ने" म्हणालं, तर शब्दशः ते चार वाजले असे होतात, पण त्याचा अर्थ दहा. इथे तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. नेहमी विचारून घे, तुमचे चार की घड्याळाचे चार.

आता तुमच्या तिथ्या. भाऊबीज घरीच करा, ताईला नाराज करू नकोस. चतुर्थीपर्यंत इथे पोचा, एक दिवस आमच्याकडे विश्रांती आणि पंचमीला फेरीबोटीने पलीकडे झांझिबारला. दोनेक तास लागतात. काकूंना बोट लागत असेल तर पोट हलकं ठेवा आणि मागच्या बाजूला बसा. पहिले दोन दिवस स्टोन टाउनमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या गावात. तिथे पोहायला काही नाही, पण ते गाव सोडू नका. गल्ल्यांतले पितळी फुल्यांचे दरवाजे बघून काकू म्हणतील की हे आपल्याकडचेच, आणि त्यात बरंच खरं आहे, गुजरातच्या कारागिरांचा हात त्यात आहे. गुलामांचा बाजार १८७३ साली बंद झाला, त्या जागेवर आता चर्च आहे. चिमीला तिथे ने. दहा वर्षांची आहे, तिला कळेल. संध्याकाळी फोरोधानीच्या बागेत उरोजो प्या. आंबटसर पिवळी आमटी, त्यात भजी, बटाटा आणि वरून कुरकुरीत काहीतरी.

सप्तमीला तिथून जांबियानी. पाजेच्या दक्षिणेला लांबच लांब गाव आहे, माडांखाली प्रवाळी दगडाची घरं. तुझ्या सात फोटोंत हे नव्हतं आणि मी तुला पहिलं हेच देतोय. अष्टमी, नवमी, दशमी हे भांगाचे दिवस. सकाळी दहा ते साडेअकराच्या दरम्यान भरती, पाणी छातीएवढं, भिंतीच्या आत असल्यामुळे लाट नाही. चिमी पोहायला शिकतेय म्हणालास ना, तिला याहून चांगलं पाणी मिळणार नाही. काकूही पाय सोडून बसतील. दुपारी ऊन फार, तेव्हा आत. चारनंतर ओहोटीच्या काठाने चालायला जा. पायात रबरी बूट हवेतच, खडपाला काळे काटेरी अर्चिन असतात, काटा मोडला की निघता निघत नाही.

जेवायची काळजी काकूंनी करू नये. नारळाच्या रसातला मासा, नारळाच्या दुधातला भात, म्चिचा म्हणजे आपला माठच. न्गुरु म्हणजे सुरमई. वार असेल तेव्हा नारळातली राजम्यासारखी आमटी आणि चपाती. होय, तिलाही चपातीच म्हणतात. शब्द तर काय सांगू, दुकानाला दुका, जहाजाला जहाझी, विम्याला बीमा. आणि होडीच्या कप्तानाला नाहोधा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी त्या माणसाला आपला नाखवा शब्द सांगितला. मूळ एकच, फारसी. त्याने माझा हात धरून आपल्या न्गालावाकडे, म्हणजे होडीकडे नेलं. तिला उलांडी असते, होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेलं लाकूड, पण दोन्ही बाजूंना. मी त्या लाकडावरून हात फिरवत किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक.

एकादशीला उत्तरेला जा, केंडवाला. तिथे किनारा उतरता आहे, ओहोटीलाही पाणी लांब पळत नाही, त्यामुळे उधाण जवळ आलं की उत्तरच बरी. पश्चिमेकडे तोंड, सूर्य समुद्रात बुडताना दिसतो. शेजारच्या नुंग्वीत गर्दी आणि रात्री गाणी फार, मी राहणार नाही. पण तिथे किनाऱ्यावर अजून हाताने होड्या बांधतात, तेवढ्यासाठी एक सकाळ दे. विळ्यासारखे वाकडे वासे नुसत्या वाकसाने तासतात, तू तासभर हलणार नाहीस. कार्तिकी एकादशी असेल, काकूंचा उपास. रताळी, केळी, शहाळी मुबलक. मिहोगो म्हणजे ज्याच्यापासून साबुदाणा करतात तो कंद, उकडून मिळतो. चालतो का ते काकूंनी ठरवावं.

चतुर्दशीला संध्याकाळी परत जांबियानी. तुला वाटेल एवढा प्रवास कशाला, बेट उभं ओलांडायचं, दोन तास गाडी. पण त्रिपुरी पौर्णिमेची सकाळ मला तुम्हाला तिथेच दाखवायची आहे. ज्या पाण्यात चिमी पोहली ते गेलेलं असेल आणि त्याच्या तळाशी असलेली शेती उघडी पडलेली असेल. ओळीने काठ्या रोवलेल्या, काठीपासून काठीपर्यंत दोरी, दोरीला वीतवीत अंतरावर म्वानीचे, म्हणजे समुद्री शेवाळाचे, झुबके बांधलेले. या भागात ही शेती १९८९ च्या सुमारास सुरू झाली आणि ती बहुतेक बायकाच करतात. सहाएक आठवड्यांत झुबका वाढतो, मग तोडून वाळवतात, बाहेर जातो, त्याचा चीक टूथपेस्टपासून आइस्क्रीमपर्यंत घालतात. पूर्वी चांगला भाव मिळणारी एक जात पाणी तापल्यामुळे आता टिकत नाही, कमी भावाचीच लावावी लागते. ओहोटीच्या त्या तीन-चार तासांत त्या कमरेत वाकून काम करतात आणि पाणी फिरलं की गाठोडी घेऊन निघतात. कुणी बोलावलं तर जवळ जा, फोटो विचारून काढा, काठ्यांमधून चालताना दोऱ्या तुडवू नका. आणि त्या परत फिरल्या की तुम्हीही फिरा. अकरा वाजले की किनाऱ्यावर या. हे मी हात जोडून सांगतोय.

बाकीचं थोडक्यात. किझिमकाझीचे डॉल्फिन करू नको. दहा-बारा होड्या एका कळपामागे लागतात, मला बघवलं नाही. तिथली मशीद मात्र बघण्याजोगी, आतला कोरीव लेख ११०७ सालचा आहे. म्नेम्बा बेटाला प्रवाळ आणि मासे सुंदर, पण होडीतून उतरून तोंडात नळी धरून पोहायचं, ते तुझ्या एकट्यासाठी. तारामासा पाण्याबाहेर काढून फोटो काढायला सांगणारे भेटतील, चिमीला आधीच समजावून ठेव की तो बाहेर जगत नाही. माफिया बेटाजवळ ऑक्टोबर ते फेब्रुवारीत व्हेल शार्क येतात, जीव ओढतोच, पण खर्च दुप्पट होईल. पुढच्या खेपेला आपण दोघं जाऊ.

कपड्यांचं म्हणशील तर पुळणीवर काहीही चालतं, गावातून जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. वहिनींना इथे कांगा घेऊन देऊ. झांझिबारला उतरणाऱ्यांना ४४ डॉलरचा विमा सक्तीचा झालाय, तो आधीच काढ. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार, काकूंच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत तेही सांग. तुमच्या दिवसांत वुलीचा, म्हणजे इथला छोटा पाऊस असतो, सर येते आणि तासाभरात उघडते. घाबरू नका.

आत्ता हे लिहितोय तेव्हा खिडकीतून कुसी घुसतोय, दक्षिणेचा वारा. हाच वारा विषुववृत्त ओलांडून वळतो आणि नैऋत्येकडून तुमच्यावर पाऊस घेऊन येतो. इथे या दिवसांत आकाश कोरडं आणि हवा गार, आणि तिकडे तुमच्या होड्या झापांखाली. चार-पाच दिवसांत नारळी पौर्णिमा. तुझ्या बाबांच्या नावाने माझाही एक नारळ सोड. मी इथे सोडेनच.

तिकिटं काढलीस की आधी तिथी कळव, तारीख नंतर. जांबियानीत दोन्ही वेळच्या खोल्या मी धरून ठेवतो, पौर्णिमेची खालच्या मजल्यावरची, काकूंसाठी. येताना कुळथाचं पीठ किलोभर आणि नव्या वर्षाचं कालनिर्णय आण. आमचं डिसेंबरात संपतंय आणि स्वयंपाकघरात ते नसलं की मेधाला चैन पडत नाही.

काकूंना नमस्कार, चिमीला पापा.

तुझा,
श्री