गाठीला रिकामी रिफिलही चालते

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत गळाने मासे पकडण्याच्या छंदावरचा लेख वाचला. रॉड, रीळ, त्यांच्या किमती, सगळं आलं. गाठीवर मात्र एकच वाक्य, आणि तेही 'गाठ मारायला साधन लागतं ते नवशिक्यांना' अशा थाटाचं. म्हणून हे पत्र.

मी शिंपी. रत्नागिरीत चाळीस वर्षं मशीन चालवलं. आता दुकान मुलाकडे आणि मी भाट्याच्या खाडीवर, गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला. आयुष्य दोऱ्यात गेलेलं, त्यामुळे गाठ मला कोणी शिकवावी असं काही वाटत नव्हतं. निरगाठ मारली की सुटायची नाही, हा सुताचा नियम. तो तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीला, लागू नाही, हे एका तांबोशी माशाने दाखवलं. जोरात ओढ लागली, रॉड वाकला आणि एकदम सगळं सैल. 'तंगूसच कच्चा' म्हणून मी दुकानदाराच्या नावाने बोटं मोडत होतो, तेवढ्यात शेजारी गरवणाऱ्या कॉलेजातल्या पोराने टोक हातात घेतलं. "आजोबा, तुटला नाय. गाठ सुटली." टोक डुकराच्या शेपटीसारखं पिळवटलेलं होतं. गाठ सरकून सुटली की टोकाला असा पीळ राहतो. शिंप्याची गाठ सुटली! घरी कोणाला सांगितलं नाही.

तंगूस गुळगुळीत. गळाच्या नेढ्यातून ओवून, मूळ तंगुसाभोवती पाच वेढे देऊन टोक परत खालच्या फासातून घ्यावं लागतं. आवळण्याआधी थुंकीने ओलं करायचं, कारण कोरडाच ओढला तर घासून तापतो आणि तिथेच कमजोर होतो. मी सवयीने कोरडाच आवळत आलो होतो. नातू वापरतो त्या विणलेल्या ('ब्रेडेड') दोरीवर ही गाठही सरकते. तिथे दोरी दुहेरी करून मारायची पालोमर गाठ बरी.

आता साधनांचं. दोन वर्षांपासून माझा उजवा हात थरथरतो. नेढं नसलेले, चपट्या डोक्याचे गळ बांधणं तर बंदच झालं होतं. मग बॉलपेनची रिकामी रिफिल धुऊन तिचा बोटभर तुकडा कापला. तो गळाच्या दांड्याला लावून धरायचा, दोन्हींवरून सात-आठ वेढे घ्यायचे, टोक नळीतून उलट बाहेर काढायचं, नळी हळूच ओढून घ्यायची आणि गाठ आवळायची. चिमटीत वेढे धरून ठेवायची कसरत संपली. नातवाने ऑनलाइन मागवलेलं, गाठ मारायचं आकडा असलेलं यंत्रही आहे; बारीक तंगुसाला ठीक, जाड्याला माझी रिफिलच सरस.

सुईत दोरा ओवायची तार माझ्या दुकानात पहिल्या दिवसापासून आहे. तिच्यामुळे मला कोणी नवशिका म्हटलं नाही. मग खाडीवरच हा सोवळेपणा कशाला?

पुढच्या लेखात दोन-तीन गाठींची चित्रं जरूर द्या, पण मोठी छापा. गेल्या वेळच्या फोटोतली गाठ मला भिंगातूनही दिसली नाही.

आपला,
एक निवृत्त शिंपी, रत्नागिरी