'रॅश' म्हणजे नक्की काय?

संपादक महोदय,

अंगावर काहीही उठो, आपल्या आरोग्य पुरवणीत ती 'रॅश'च असते. कोथरूडला माझं मेडिकलचं दुकान आहे, तिथेही आता हेच. "काका, रॅश आलीय, ट्यूब द्या." कसली रॅश? तर रॅश!

जुन्या आज्या असं मोघम बोलत नाहीत. 'गांधी उठल्यात' म्हटलं की समजावं, काहीतरी सोसलेलं नाही. 'बोटांच्या बेचक्यांत खरूज' म्हटलं की घरातल्या सगळ्यांनाच औषध लावावं लागणार. गजकर्ण म्हणजे बुरशीमुळे उठणारं, मधून साफ होत कडेकडेने वाढणारं गोल चकंदळ. 'पित्त उठलंय' तेवढं फसवं. एक गृहस्थ त्यावर अ‍ॅसिडिटीची गोळी मागत होते. द्यायची असते अ‍ॅलर्जीची.

इंग्रजीतही हा शब्द ऐसपैसच. त्याचं मूळ बहुधा जुन्या फ्रेंचमधल्या, त्वचेवरच्या खवड्यासाठीच्या शब्दात आणि तिथून मागे लॅटिनमधल्या 'खरवडणे'पर्यंत नेतात. 'रॅश ड्रायव्हिंग'मधला रॅश मात्र जर्मन-डच घराण्यातला, 'झटपट' या अर्थाचा. स्पेलिंग एक, नातं काही नाही. कर्वे रस्त्यावर हा दुसरा प्रकार रोज दिसतो, पण त्याला मलम नाही.

पहिल्याला आहे, आणि घोळ तिथेच होतो. रॅश म्हणून गजकर्णावर स्टेरॉइडची ट्यूब चोळली की खाज थांबते, लाली उतरते, माणूस खूश. बुरशी मात्र पसरत राहते. कडा इतक्या पुसट होतात की पुढे डॉक्टरांनाही ओळखायला जड जातं. ही मलमं चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून २०१८ मध्ये त्यातली बरीचशी 'शेड्यूल एच' या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत घातली. मी चिठ्ठी मागतो, गिऱ्हाईक तोंड वाकडं करून पुढच्या दुकानात जातं आणि तिथून ट्यूब घेऊन जातं. यात आम्हा दुकानदारांचाही दोष आहेच, तो मी नाकारत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की पुरवणीत घामोळं, गांधी, खरूज, नायटा, इसब असं नाव घेऊन लिहावं. आणि गजकर्णाचा फोटो छापणार असाल तर रंगीत छापा. काळ्या-पांढऱ्यात सगळं रॅशच दिसतं.

– एक औषधविक्रेता, कोथरूड, पुणे