गावचं चर्च आणि गावचं दुकान

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

इंग्लंडमध्ये चर्च विकली जातात, तिथे घरं आणि हॉटेलं होतात, अशा बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात आणि ‘तिकडचा धर्म आटला’ म्हणून वाचल्या जातात. मी १८ वर्षं हेरफर्डशायरच्या ग्रामीण भागात राहते. इथे दुसरंही काही घडतंय, ते वाचकांना कळावं म्हणून हे पत्र.

आमच्याच जिल्ह्यात यारपोल नावाचं लहान गाव आहे. गावातलं दुकान बंद पडल्यावर गावकऱ्यांनीच ते चालवायला घेतलं आणि २००९ मध्ये थेट सेंट लेनर्ड चर्चमध्ये हलवलं. सोबत पोस्टही आलं. मागच्या भागात दूध, पाव, भाजीची फळ्यांवरची मांडणी. वर नव्याने बांधलेल्या सज्जात चहा-कॉफी. वेदीच्या बाजूला प्रार्थना चालूच. चर्च विकलेलं नाही, बंदही केलेलं नाही. मुख्य वापर उपासनेचाच राहणार असेल तर चर्चचा काही भाग भाड्याने देता येतो, अशी तरतूद २००६ पासून इथल्या चर्चच्या कायद्यात आहे.

आपल्याला याचं नवल वाटायला नको. माझ्या माहेरी देवळाच्या सभामंडपात ग्रामसभा भरायची, पंगती उठायच्या, भजनाच्या सतरंज्या तिथेच गुंडाळून ठेवलेल्या असायच्या. गाभाऱ्याला त्याने बाध आला, असं कुणाच्या मनातही आलं नाही. मध्ययुगात इथेही असंच होतं. चर्चच्या दुरुस्तीसाठी गावजत्रेसारखा मेळा भरवून घरची बिअर विकायचे. आज ज्या बाकांना हात लावू देत नाहीत, ते बऱ्याच ठिकाणी व्हिक्टोरिया राणीच्या काळातले आहेत.

आमच्या गावात चर्चमध्ये जागा करायला हे बाक काढायचे की नाही, यावरच घोडं अडलंय. आमच्या चर्चला नळ नाही, शौचालय नाही. रविवारी आठ-नऊ माणसं अंगातले कोट न काढता बसतात. प्रार्थनेच्या पुस्तकांची पानं ओलीने फुगली आहेत. गेल्या हिवाळ्यात एका अंत्यविधीच्या वेळी मयताच्या थोरल्या भावाला मध्येच उठवून, दोघांनी धरून, शौचालयासाठी समोरच्या घरी न्यावं लागलं. तो परत येईपर्यंत शवपेटी बाहेर गेली होती. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

बाक काढायला विरोध करणाऱ्या आजींचं दुःख मला कळतं. त्यांची आई ज्या बाकावर बसायची, त्याच बाकावर त्या बसतात. पण चर्च ऑफ इंग्लंडची सुमारे १६ हजार चर्च आहेत आणि बहुतेक ठिकाणी छपराचा, गटारींचा खर्च त्या-त्या गावच्या मूठभर मंडळींवर पडतो. चर्चमध्ये यायला गावाला आठवडाभर काही कारणच नसेल, तर पत्रे गळायला लागल्यावर वर्गणी कोण देणार? एकदा दाराला कुलूप लागलं की आजींचा तो बाकही जाईल.

पुढच्या महिन्यात गावाची बैठक आहे. मी ख्रिस्ती नाही, तरी मलाही बोलावलंय. धर्मप्रांताची परवानगी मिळवायलाच बराच काळ जातो, म्हणून मी मोठं काही मागणार नाही. आजींचा बाक जागेवर ठेवून मागचे चार तेवढे काढा आणि तिथे आधी नळ आणि शौचालय करा, एवढंच सांगणार आहे.

आपली,
एक वाचक, हेरफर्डशायर, इंग्लंड